व्यसन आणि संबंध : आचार प्रकरणातील एका त्यागाचा विचार

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी आचार प्रकरणात साधकाला जे त्याग निरूपिले, त्यांत स्वदेश, स्वग्राम आणि आप्तजन या तिहींच्या संबंधाचा त्याग येतो. आणि त्या तिहींतही आप्तांच्या संबंधाचा त्याग विशेषाने करावा, असा निरूपणाचा अभिप्राय आहे. हे वचन भिक्षुकांना मुखोद्गत असते. त्याचे व्याख्यान मठांतून बहुधा ममतेच्या अंगाने होते. देशात मान असतो, ग्रामात ओळख असते, आप्तांत माया असते. या तिहींनी स्मरणात खंड पडतो, म्हणून त्याग. हे व्याख्यान यथार्थच आहे. परंतु संबंधातून जीवाकडे केवळ माया येते असे नाही, सवयीही येतात. मायेची ओढ ओळखू येते, कारण ती डोळ्यांत पाणी आणते. सवयीची ओढ ओळखू येत नाही, कारण ती आपलीच आहे असे वाटते. व्यसनाचा विचार करताना या दुसऱ्या अंगाकडे लक्ष देणे अवश्य आहे.

‘व्यसन’ शब्दाची व्युत्पत्ती येथे उपयोगी पडते. वि + अस्, म्हणजे दूर फेकणे, या धातूपासून तो सिद्ध झाला आहे. संस्कृतात त्याचे ‘संकट’ आणि ‘दुष्ट आसक्ती’ असे दोन्ही अर्थ आहेत. एक अर्थ माणसावर बाहेरून कोसळणाऱ्या गोष्टीचा, दुसरा माणसाने स्वतः धरलेल्या गोष्टीचा. व्यसनी माणसाचा अपराध किती आणि त्याच्यावरचे संकट किती, हा आजचा वाद त्या एका शब्दाच्या पोटात आधीपासून आहे. न्यायाधीशाला, वैद्याला आणि व्यसनी मुलाच्या आईला या वादाचे उत्तर निरनिराळे सुचते. आपल्या शास्त्राला काय सुचते, ते पाहावयाचे आहे.

आचार प्रकरणातील क्रम देशाकडून घराकडे, म्हणजे बाहेरून आत येतो. व्यसनही त्याच वाटेने आत येते. कोणते व्यसन लागावयाचे ते देश ठरवितो. कोणाच्या संगतीत लागावयाचे ते गाव ठरविते. आणि कोणत्या वयात, किती सहजपणे लागावयाचे ते घर ठरविते. तंबाखूचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. सर्वज्ञांच्या काळी या देशात तंबाखू नव्हती. पोर्तुगीजांच्या मार्गाने ती आली, दक्षिणेत रुजली, आणि १६०४-०५ च्या सुमारास असद बेगाने विजापूरहून ती अकबराच्या दरबारी नेली, हे इतिहासात नमूद आहे. जहांगीराने १६१७ साली तिला मनाई केली. मनाईचे काय झाले ते सांगण्याची आवश्यकता नाही. तात्पर्य, जी वस्तू आज खेड्यापाड्यांत वाडवडिलांची म्हणून मिरवते, तिचे वय या देशात सव्वाचारशे वर्षांहून फारसे अधिक नाही.

मग ती इतकी घरची कशी झाली? तर तिला घरात एक आसन आधीच मांडलेले होते. विड्याची रीत पुरातन आहे. लीळाचरित्रात तांबुलाचे उल्लेख वारंवार येतात. भक्तजन श्रीचरणी तांबूल अर्पण करीत. पाहुणा आला की पानाचा डबा पुढे करणे हा सत्काराचा विधी होता. त्या डब्यात पान, सुपारी, चुना, कात यांच्या शेजारी तंबाखूला एक खण मिळाला, आणि सत्काराचे सगळे पावित्र्य तिला आयते लाभले. डब्याची चंची झाली, चंचीची पुडी झाली, विदर्भात पुडीचा खर्रा झाला, तरी ‘घ्या’ म्हणून पुढे केलेला हात तोच राहिला. जो हात पुढे येतो तो आपुलकीचा असतो. त्याला नाही म्हणणे म्हणजे माणसाला नाही म्हणणे. व्यसनाची पहिली चव बहुतेकांना वैऱ्याकडून मिळत नाही.

२०१६-१७ साली देशभर प्रौढांची जी तंबाखूविषयक पाहणी झाली, तीत महाराष्ट्रात धूररहित तंबाखू घेणारे सुमारे २४ टक्के आणि ओढणारे ४ टक्क्यांहूनही कमी आढळले. वस्तू एकच, मग हा भेद कशाने? आपल्या समाजात वडिलांसमोर विडी पेटविणे हा उद्धटपणा समजतात, परंतु वडिलांच्याच तळहातावरची मळलेली तंबाखू चिमटीने उचलणे हा उद्धटपणा नव्हे. स्त्रीने विडी ओढली तर गाव बोलेल. तिने पहाटे चुलीपुढे बसून मिशरी लावली तर कोणी बोलणार नाही. म्हणजे ज्या अंगाने मर्यादेचा भंग होतो ते दार लोकाचाराने लावले, आणि ज्या अंगाने देहाचा भंग होतो ते उघडे ठेविले. लोकाचाराला देहाची काळजी नसते, असे म्हणणे कठोर वाटेल. परंतु त्याला लौकिकाची काळजी अधिक असते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मिशरीची गोष्ट तर विशेष विचार करण्याजोगी आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावी, कुटावी, आणि दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांवर धरावी. आजी लावते, आई लावते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलीचा दात दुखू लागला की तिच्याही बोटावर चिमूटभर ठेवली जाते. त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. औषध म्हणूनच दिलेली असते. पुढे ती मुलगी नांदायला जाते तेव्हा डबी सोबत जाते. मुंबईतील गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरीने सुमारे १०० ग्रॅम कमी भरले. म्हणजे जन्माला येण्यापूर्वीच त्या जीवाच्या देहाला घराची सवय पोहोचली. मुंगीला पाय लागू नये म्हणून वाट पाहून चालणाऱ्या मार्गाच्या अनुयायांनी या शंभर ग्रॅमकडे अहिंसेच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. काही वासनिक म्हणतात की सप्तव्यसनांत मद्य आहे, द्यूत आहे, तंबाखू नाही. नाही, कारण ती यादी झाली तेव्हा तंबाखूच नव्हती. यादीत नाव नाही म्हणून वस्तू निर्दोष ठरविणे हे शास्त्राचे पालन नव्हे, शास्त्राशी चातुर्य होय.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो. व्यसन जर देशाने निवडले, गावाने वाढविले आणि घराने लाविले, तर त्यात जीवाचा दोष काय? ज्याला सातव्या वर्षी मिशरी लागली, त्याला कर्म कसे लागेल? यावर कोणी आधुनिक शास्त्राचा आधारही देतील. १९७३ साली डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास झाला. मद्यासक्त पित्याचे पुत्र लहानपणीच दुसऱ्या घरी वाढले तरी त्यांच्यात मद्यासक्तीचे प्रमाण इतर दत्तकांच्या जवळजवळ चौपट आढळले. तेव्हा घर बदलले तरी देहाचा वारसा राहतोच. एकीकडून देह, दुसरीकडून घर. मध्ये जीवाला हालचालीस जागा कोठे आहे?

याचे समाधान त्याच निरूपणात आहे, आणि ते असे की तेथे त्यागाची आज्ञा आहे. आज्ञा त्यालाच करितात ज्याला ती पाळता येणे शक्य आहे. दगडाला कोणी चाल म्हणत नाही. संबंध हे बंधनाचे निमित्त आहेत, परंतु बंधन घट्ट होते ते जीवाच्या अंगीकाराने. अन्यथाज्ञानाने जे आपले नव्हे ते आपले मानणे, हेच सवयीच्या मुळाशी आहे. ‘मी असाच आहे’, ‘आमच्या घराण्यात असेच चालते’ ही व्यसनी माणसाची दोन वाक्ये तपासून पाहिली तर पहिल्यात देहाला जीव मानले आहे आणि दुसऱ्यात कुळाला. डेन्मार्कच्या त्या अभ्यासातही मद्यासक्तांचे बहुसंख्य पुत्र मद्यासक्त झाले नाहीत, ही गोष्ट चौपट हा आकडा सांगणारे सहसा सांगत नाहीत. वारशाने उतार मिळतो. उतारावर पाय घसरण्याचा संभव अधिक, म्हणून तेथे जपून चालावयाचे असते.

परंतु एवढ्यावर थांबले तर सगळा भार एकट्या जीवावर पडतो, आणि घर सुटते. तेही न्याय्य नव्हे. या ठिकाणी एक प्रसिद्ध घटना पाहावी. व्हिएतनामच्या युद्धातून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या विदुषीने अभ्यास केला. त्यांतील जवळजवळ २० टक्के सैनिक तेथे हेरॉइनच्या अधीन झालेले होते. सरकार भयभीत झाले होते, कारण हे व्यसन सुटत नाही असाच समज होता. प्रत्यक्षात मायदेशी आल्यावर तीन वर्षांच्या काळात त्यांतील सुमारे १२ टक्केच पुन्हा अधीन झाले. बाकीच्यांची ती पकड, बहुतेकांच्या बाबतीत कोणत्याही उपचाराशिवाय, ढिली पडली. परदेशातील ती छावणी, ते भय, ते सोबती आणि स्वस्त मिळणारी ती पूड, हा सगळा संबंध मागे राहिला आणि व्यसन त्याच्याबरोबर राहिले.

वरवर पाहता ही घटना आचार प्रकरणाच्या उलट वाटते, कारण येथे स्वदेशी परतल्याने सुटका झाली. परंतु निरूपणात त्याग देशाचा नसून देशाच्या संबंधाचा आहे. माती कोणालाच बांधीत नाही. ज्या ठिकाणी जीवाची सवय पेरली गेली ते ठिकाण त्या सवयीपुरते त्याचा स्वदेश होय, आणि तेथून उठणे हा त्याग होय. उलट अनुभवही सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यसनमुक्तीच्या केंद्रात महिना-दीड महिना राहून धडधाकट झालेला मुलगा ज्या दिवशी गावच्या थांब्यावर उतरतो, त्या दिवशी तोच पिंपळ, तोच पार, तेच मित्र त्याची वाट पाहत असतात. त्याच्या देहातील विष निघाले होते. परंतु पारावरची त्याची जागा कोणी घेतलेली नव्हती. पुण्याच्या मुक्तांगणाने, ज्याची स्थापना १९८६ साली झाली, रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीला आणि घरच्यांनाही बोलावण्याची पद्धत ठेविली, ती याच जाणिवेतून. एकट्याला बरे करून जुन्या संबंधात परत पाठविणे म्हणजे धुतलेले वस्त्र चिखलात वाळत घालणे.

आता घराच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न. महाभारताच्या मौसलपर्वात द्वारकेचे वर्णन आहे. शापाचे चिन्ह दिसू लागल्यावर नगरात दवंडी पिटविली गेली की यापुढे कोणी मद्य करू नये. जो करील तो आपल्या बांधवांसह सुळी जाईल. ‘बांधवांसह’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. दंड भयंकर आहे, आणि अहिंसामार्गाला तो मान्य होणार नाही. परंतु दवंडी देणाऱ्यांना एवढे कळले होते की मद्य एकटा माणूस गाळीत नाही, त्यामागे एक घर उभे असते. दवंडीने लोक काही काळ भयाने थांबले. पुढे प्रभासक्षेत्री यात्रेच्या निमित्ताने सगळे कुळ एकत्र जमले आणि प्रत्यक्ष श्रीकृष्ण प्रभूंच्या देखत पिऊ लागले. सात्यकी आणि कृतवर्मा यांचे शब्दाला शब्द लागले, आणि कुळ संपले. ज्या कुळात परमेश्वर अवतरला त्या कुळाला त्याच्या सन्निधानाचा लाभ असूनही व्यसन सुटले नाही, हा प्रसंग नामधारकाच्या घराने वारंवार आठवावा. देवपूजेच्या कोनाड्याशेजारी पानाचा डबा असला म्हणून डबा पवित्र होत नाही.

यादवांच्या पिण्यातही लोकाचाराचा भाग होता: यात्रा होती, सोहळा होता, सगळे एकत्र आले होते. आपल्याकडे वरातीत जे चालते, आषाढाच्या अखेरीस श्रावण लागण्यापूर्वीची म्हणून जी रात्र साजरी होते, त्यात हेच तत्त्व आहे. श्रावण पाळावयाचा म्हणून आदल्या रात्री कंठापर्यंत प्यावयाचे, म्हणजे व्रतानेच व्यसनाला मुहूर्त काढून दिला. क्षुद्र देवतांना मद्याचा नैवेद्य दाखवून तो वाटून घेणे हाही त्यातलाच प्रकार. परंतु या बाबतीत रानावनातील लोकांना नावे ठेवण्यापूर्वी एक आठवावे: मोहाची दारू विधीपुरती घरी गाळणाऱ्यांना १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गुन्हेगार ठरविले आणि तीच दारू मक्तेदाराच्या दुकानात बाराही महिने विकत मिळू लागली. विधीला निदान दिवस असतो, दुकानाला नसतो. गडचिरोलीत १९९३ साली जी दारूबंदी झाली तिच्यासाठी गावोगावच्या स्त्रिया पुढे आल्या, हे विसरता येणार नाही. संबंधाने व्यसन येते, तसा संबंधाने त्याला अडथळाही येतो.

स्त्रियांचा उल्लेख आला म्हणून एकांकातील द्यूताची लीळा येथे विचारात घेतली पाहिजे. भरवसच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव याच्या पतित देहाचा स्वीकार श्रीचक्रपाणी प्रभूंनी केला. (येथे पतित म्हणजे गतप्राण झालेला, पापी नव्हे. व्याख्यानात हा गोंधळ क्वचित ऐकू येतो.) देहाबरोबर त्या घराची, त्या पदाची रीतही आली, आणि राजकुलात द्यूत ही रीत होती. खेळात देणे झाले. देणे फेडण्यासाठी कमळाइसेकडे अलंकार मागितले. तिने दिले नाहीत. पित्याने द्रव्य देऊन देणे भागविले. त्यानंतर उदासीनता स्वीकारून, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून, प्रभू घरातून निघाले आणि ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आले.

प्रभूंचे द्यूत हे व्यसन होते असे म्हणणे हा अपराध होईल. नित्यमुक्ताला व्यसन नाही, आणि ज्याला काही प्राप्त करावयाचे नाही त्याला वैराग्यही प्राप्त करावयाचे नसते. लीळा जीवांसाठी असते. मग या लीळेत जीवांनी पाहावयाचे काय? बहुधा कमळाइसेला दूषण देऊन हा प्रसंग संपविला जातो: पतीपेक्षा तिला अलंकार प्रिय होते. तिला मागणारा कोण आहे हे कळले नाही, ही तिची हानी निःसंशय आहे. परंतु प्रसंगाची रचना पाहावी. घरात दोन माणसे होती. एकाने देणे फेडले, एकीने नकार दिला. ज्याने फेडले त्याच्या देण्याने घरात काहीच बदलले नाही. जिने नाकारले तिच्या नकाराने निघण्याला निमित्त मिळाले. तिचा हेतू शुद्ध होता असे म्हणण्याचे कारण नाही. तरी सामान्य गृहस्थाच्या घरी जेव्हा हीच मागणी होते, मागणारा परमेश्वर नसून व्यसनाधीन जीव असतो, आणि पत्नी मंगळसूत्रावर हात ठेवून नाही म्हणते, तेव्हा तिला कमळाइसेचे नाव घेऊन टोचणे हा लीळेचा विपरीत उपयोग होय. पुत्राचे देणे चुपचाप फेडणारा पिता मायाळू असतो, यात शंका नाही. प्रत्येक वेळी तो पुत्राला पुढच्या डावापर्यंत पोहोचवितो, यातही नाही.

यावर कोणी म्हणेल, मग आप्तसंबंधाचा त्याग विशेषाने करावा या वचनाचा अर्थ गृहस्थाने काय घ्यावा? तो तर घरातच राहणार. व्यसनी पुत्रांपैकी काहींनी त्याचा एक अर्थ आजकाल काढला आहे: आईबापांनी बिघडविले, म्हणून आईबापांना दोष द्यावा. हा त्याग नव्हे. द्वेष हाही संबंधच आहे, आणि मायेपेक्षा चिवट आहे. माया अंतराने कमी होते, द्वेषाला अंतर लागत नाही. ज्याला पित्याचे पिणे क्षमा करता येत नाही तो पुष्कळदा पित्यासारखाच पितो. वचनात कोणालाही अपराधी ठरविलेले नाही. आप्त वाईट आहेत म्हणून त्यांचा त्याग सांगितलेला नाही. चांगल्या आप्तांचाही आहे. श्रीकृष्ण प्रभूंनी उद्धवदेवांना स्वजनांचा स्नेह टाकून निघण्यास सांगितले तेव्हा यादवांवर क्रोध करण्यास सांगितले नाही. घराने जे दिले ते घराचे म्हणून ओळखावे, ते आपले स्वरूप नव्हे असे जाणावे, आणि घरातच खाली ठेवावे. गृहस्थाला एवढा त्याग घरी राहून करता येतो. दुसरी बाजू देणाऱ्यांची आहे. मिशरीच्या डबीतली चिमूट नातीच्या बोटावर ठेवताना आजीने हात आवरला, तर तिच्याकडून त्या नातीपुरता एक संबंध तुटला.

राहिला मठाचा विचार. पुष्कळ वासनिक व्यसनी मुलाला घेऊन मठात येतात आणि म्हणतात, याला उपदेश द्या, माळ घाला, सुटेल. उपदेश हा उतारा नव्हे. त्याग स्वीकारल्यावर तो द्यावयाचा असतो. परंतु त्या मुलाला काही काळ मठात ठेवून घेण्यास प्रत्यवाय नसावा, कारण त्याला घरापासून आणि पारापासून वेगळे स्थान हवे असते, आणि अटन, विजन, भिक्षा, भोजन, स्मरण यांनी बांधलेला दिवस हवा असतो. मात्र तसे करताना मठाने स्वतःकडे पाहिले पाहिजे. वर्षानुवर्षे एकत्र राहणाऱ्यांचा मठ हेही एक घर होते, आणि त्यालाही सवयी लागतात. वडीलधारे साधू भोजनानंतर ओसरीवर बसतात, आणि नुकत्याच आलेल्या दहा-बारा वर्षांच्या शिष्याला कोनाड्यातील चुन्याची डबी आणावयास सांगितले जाते. पोरगा धावत जातो. सेवा म्हणून जातो. घर सोडून आलेल्या त्या मुलाला डबी कोठे ठेवलेली असते, ते पहिल्या आठवड्यातच ठाऊक झालेले असते.